एक हुडी, दोन माणसं

गेली वीसेक वर्षं आमच्या घरात एक करडी हुडी आहे. परवा ती धुवून वाळत घातली तेव्हा लक्षात आलं की कोपराचं भोक आता इतकं वाढलंय की हात बाहीच्या टोकापर्यंत पोचतच नाही, मध्येच बाहेर येतो. नवरा म्हणाला, "हिची आता फरशी पुसायला रवानगी कर." मी म्हटलं, "माझी हुडी आहे, तू कोण ठरवणार?" तर म्हणे, "तुझी? विकत मी घेतली होती!" झालं, जुंपली आमची...

खरं तर दोघांचंही बरोबर होतं. घेतली त्यानं, पण घातली जास्त मी. शेवटी तह असा झाला की नवीन घ्यायची, पण यावेळी खरोखर दोघांची. दोन नकोत, एकच. (त्या 'किंग' आणि 'क्वीन' छापलेल्या जोड्या मिळतात ना, त्या तर मुळीच नकोत. पन्नाशीत शोभत नाही.) पुण्याची थंडी ती काय, दोन महिने सकाळ-संध्याकाळ. तो पहाटे टेकडीवर जातो, मी रात्री लिहीत बसते. आम्हां दोघांना एकाच वेळी थंडी वाजतच नाही. मग दोन हुड्या कशाला?

दुकानात गेलो. मुलगा म्हणाला, "मॅडम, हे सगळं युनिसेक्स आहे. दोघांनाही होतं." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला तो केस कापायच्या दुकानाच्या पाटीवर, त्यामुळे अजूनही तो ऐकला की मला कात्रीचा आवाज ऐकू येतो. असो. नवऱ्यानं घातली, झक्क बसली. मग मी घातली. खांद्याची शिवण दंडावर उतरली, बाह्यांतून बोटं दिसेनात, आणि खालची रिबची पट्टी कमरेला अशी आवळून बसली की वरचा सगळा भाग फुग्यासारखा. मुलगा म्हणाला, "तुम्ही एक साईझ लहान घ्या ना." ती मला थोडी बरी बसली, पण नवऱ्याचं डोकं गळ्यातून जाईना.

मी विचारलं, "मग हे युनिसेक्स नक्की कुणाच्या मापाचं?" मुलगा हसला. उत्तर त्याच्याकडे नव्हतं. घरी आल्यावर मी शोधत बसले, आणि पुढचे दोन आठवडे त्यातच गेले.

पहिली गंमत म्हणजे ही हुडी जिथून आली असं मानतात, तिथेच आम्ही राहत होतो, आणि आम्हाला पत्ताही नव्हता. २००४ ते २००६ आम्ही न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला होतो. कोडॅकचं गाव एवढीच आमची माहिती. ओंटारिओ सरोवरावरून वारं येतं आणि बर्फ टाकून जातं. वर्षाला सरासरी आठ फुटांच्या आसपास! त्याच गावात १९१९ साली फाइनब्लूम भावांनी निकरबॉकर निटिंग कंपनी काढली. पुढे तिचंच नाव चॅम्पियन झालं. १९३० च्या दशकात तिथल्या कोल्ड स्टोरेजमध्ये आणि उघड्यावर काम करणाऱ्या माणसांसाठी, आणि सामना चालू असताना बाकावर कुडकुडत बसणाऱ्या खेळाडूंसाठी, या कंपनीनं जाड सुती स्वेटशर्टला टोपी शिवली. आपणच ती पहिल्यांदा शिवली असं कंपनी सांगते. टोपीचे झगे त्याआधीही होतेच, युरोपातल्या मठांतले साधू शेकडो वर्षं घालत होते. पण विणलेल्या मऊ सुती कापडाचा, डोक्यातून घालायचा, पोटावर खिसा असलेला हा प्रकार कामगारांसाठी आणि खेळाडूंसाठी निघाला. आम्ही मात्र हुडी घेतली ती तिथल्या एका मोठ्या दुकानात, सेलमध्ये!

दुसरी गंमत कापडाची. ती वाचून मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. टोपीच्या आधी नुसता स्वेटशर्ट आला. त्याची कहाणी अमेरिकेच्या दक्षिणेतली, अलाबामा राज्यातली. रसेल नावाची तिथली एक गिरणी बायकांचे आणि मुलांचे विणलेले कपडे करायची. मालकाचा मुलगा विद्यापीठात फुटबॉल खेळायचा, आणि तेव्हाच्या लोकरीच्या जर्सीनं अंगाला खाज सुटायची. १९२६ साली त्यानं वडिलांना सुचवलं की बायकांच्या आतल्या कपड्यांना आपण जे मऊ सुती कापड वापरतो, त्याचीच सैल जर्सी का करू नये? घाम टिपणारं, न टोचणारं. असा स्वेटशर्ट जन्माला आला, असं ती कंपनी सांगत आली आहे.

म्हणजे बघा, कापड बायकांचं आणि बेत पुरुषांचा!

आता मापाकडे येते, कारण माझं भांडण तिथेच होतं. तयार कपड्यांची मापं काही आकाशातून पडलेली नाहीत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात लाखो सैनिकांना गणवेश पुरवायचे होते. एकेकाचं माप घेऊन शिवणं शक्य नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की पुरुषाच्या छातीचं माप कळलं की बाकीच्याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. त्यावरून पुरुषांच्या तयार कपड्यांचा धंदा उभा राहिला. बायकांचे कपडे घरी किंवा शिंप्याकडेच होत राहिले. त्यांची मापं मोठ्या प्रमाणावर घ्यायला १९३९ साल उजाडावं लागलं. अमेरिकन सरकारनं पंधरा हजारांच्या आसपास बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली आणि १९४१ साली ती छापली. त्यातही गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं घेतली तरी शेवटच्या हिशोबात धरली नाहीत. मग १९५८ साली त्यांनी बायकांच्या मापांचं एक प्रमाण ठरवलं, आणि १९८३ साली तेही मागे घेतलं, कारण त्या आकड्यांत बसणाऱ्या बायका सापडेनात. छाती एकीची, कंबर दुसरीची, उंची तिसरीची...

यात आपण भारतीय बायका कुठे? तर कुठेच नाही. आपल्याकडे निफ्टनं सहा शहरांत स्कॅनर लावून २५ हजार लोकांची मापं घ्यायचं काम हाती घेतलं ते अगदी अलीकडे. तोपर्यंत आपले एस, एम, एल म्हणजे परदेशी कोष्टकाची उसनवारी.

आणि 'युनिसेक्स' हा शब्द आला १९६० च्या दशकात. १९६८ च्या सुमाराला अमेरिकेतल्या मोठमोठ्या दुकानांनी युनिसेक्स कपड्यांचे वेगळे कोपरे काढले. १९७० साली रूडी गर्नराइख या फॅशनवाल्यानं एक स्त्री आणि एक पुरुष, दोघांचं मुंडण करून, दोघांना हुबेहूब एकसारखे कपडे घातले. खळबळ उडाली. ते कोपरे लवकरच गेले, शब्द राहिला. पण त्या काळातले फोटो बघत बसले तेव्हा मला सारखं जाणवत होतं की यात बायका पुरुषांचे शर्ट-पँट घालून उभ्या आहेत. पुरुषानं बाईचं काही घातलंय असं क्वचितच. गर्नराइखनं पुरुषाला स्कर्ट घातला होता, पण तो रस्त्यावर काही उतरला नाही. दोघांचं म्हणायचं, आणि माप एकाचंच.

हे एकदा दिसलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. १८६५ साली हार्वर्डच्या बेसबॉल संघानं खेळाडूंच्या शर्टावर 'एच' हे अक्षर लावलं. पुढे अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत असं अक्षर लावलेले स्वेटर मानाचे झाले. खेळाडू मुलगा तो स्वेटर आपल्या मैत्रिणीला घालायला द्यायचा आणि ती तो मिरवायची. हुडीचंही तेच झालं. तिनं त्याची हुडी पळवायची हा तिकडे केवढा गोड प्रकार समजला जातो! मीही तेच केलं होतं की. पण मैत्रिणीचा स्वेटर घालून मिरवणारा मुलगा? मला तरी आठवत नाही.

(हुडीच्या इतिहासात याहून गंभीर प्रकरणं आहेत. १९७६ च्या 'रॉकी' सिनेमानं तिला मेहनती माणसाचा कपडा केलं, २००५ साली इंग्लंडमधल्या ब्लूवॉटर मॉलनं तिच्यावर बंदी घातली, आणि २०१२ साली फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा काळा मुलगा हुडी घालून घरी परत चालला असताना मारला गेला. टोपी तीच, पण खाली चेहरा कुणाचा यावर लोक काय ते ठरवतात. त्यावर लिहायला माझा अधिकार नाही.)

आता आईबद्दल. खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसले ते तिच्यामुळेच.

२००५ च्या सप्टेंबरात आई तीन महिन्यांसाठी रॉचेस्टरला आली. ऑक्टोबर उजाडला आणि तिची शाल पुरेना. मी तिला ही करडी हुडी घातली, नऊवारीवर नाही, साध्या पाचवारीवर. अंबाड्यावरून टोपी ओढून ती आरशासमोर उभी राहिली आणि हसत सुटली. "अगं, ही तर कुंची!" लहान बाळाला घालतो ती कुंची, टोपी आणि पाठीवर झालर. खरंच की! आपण सगळे जन्मल्यावर पहिल्या थंडीत कुंचीच घालतो, मुलगा असो की मुलगी.

मग ती बोलत बसली. बाहेर बर्फाचे पहिलेच कण पडत होते. म्हणाली, तुझ्या आजोबांच्या घरी एक घोंगडी होती. काळी, जाड, सनगराकडून आणलेली. चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळे नवी असताना अंगाला टोचायची, पण पावसाचं पाणी वरून घरंगळून जायचं. ती दाराजवळच्या खुंटीला असायची. रात्री आजोबा पाणी द्यायला मळ्यात निघाले की ते घ्यायचे. पहाटे आजी गोठ्यात निघाली की ती घ्यायची. डोक्यावरून खोळ करायची आणि चालू लागायचं. पावसाळ्यात घोंगडी नसली तर पोतं. पोत्याचा खालचा एक कोपरा आत दाबून दुसऱ्या कोपऱ्यात बसवला की टोकदार टोपी तयार. लावणीला वाकलेल्या ओळीत कोण बाई, कोण बाप्या, मागून ओळखू यायचं नाही.

"घोंगडी कुणाची होती मग?" मी विचारलं.

"कुणाची म्हणजे? घराची."

त्या वेळी हे मी नुसतं ऐकून सोडून दिलं. आता मापांचा इतिहास वाचताना त्यातलं मर्म कळलं. घोंगडीला खांदा नाही, बाही नाही, छाती नाही. ती कापलेलीच नाही. जे कुणाच्याच मापानं बेतलेलं नाही ते दोघांना सारखं होतं. कात्री लागली की प्रश्न आला, कुणाच्या अंगावर बेतायचं? आणि तो प्रश्न आमच्याही घरी आला होता, फक्त तेव्हा मला तो दिसला नव्हता.

आम्ही निफाड तालुक्यातले. महाराष्ट्रातल्या कडक थंडीच्या बातम्या येतात तेव्हा निफाडचं नाव असतंच. रात्री द्राक्षांच्या बागांत शेकोट्या पेटवतात, घड वाचावेत म्हणून. बाबा शाळेत मास्तर. आईनं त्यांच्यासाठी एक मरून रंगाचा स्वेटर विणला होता, पुढे वेण्यांची नक्षी. त्याचे कोपर विरले तशी तिनं बाबांना नवा विणला, आणि विरलेला स्वतः घालायला लागली. पहाटे पाचला बंब पेटवताना आई म्हणजे साडीवर तो मरून स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या. असं तिनं किती वर्षं केलं मला सांगता येणार नाही. माझी शाळा संपली, कॉलेज संपलं, तरी तोच होता. आणि घरात सगळे त्याला काय म्हणायचे? 'बाबांचा जुना स्वेटर'. "अगं, बाबांचा जुना स्वेटर कुठे गेला, आईला हवाय." असं. तो आईचा कधी झालाच नाही.

रॉचेस्टरच्या त्या खिडकीपाशी मी तिला सहज विचारलं होतं, "आई, तुला स्वतःचा स्वेटर कधी नव्हताच का गं?"

"होता की," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचा."

तेव्हा आम्ही दोघीही हसलो. आता हे लिहिताना मला तितकंसं हसू येत नाहीये. आई दुःखी होती असं मला म्हणायचं नाही, ती नव्हती. बाबांनी कधी काही नाकारलं असंही नाही. मागितलं असतं तर लोकर आणून दिलीच असती. पण तिनं दोन सुया हातात घेऊन आमच्यासाठी, बाबांसाठी, आत्याच्या बाळासाठी, शेजारच्या वहिनींसाठी विणलं, आणि स्वतःसाठी एक टाका घातला नाही. आम्ही याला वाटून घेणं म्हणत आलो. पण दोघांनी वाटून घेतलं म्हणायला वस्तू दोन्ही बाजूंनी जायला हवी ना? इथे ती एकाच बाजूनं यायची, तीही विरल्यावर.

नवऱ्याला हे वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे करडी हुडी तुझीच होती." उशिरा का होईना!

आता जे हुडी शोधत असतील त्यांच्यासाठी आमच्या शोधातून निघालेलं थोडं सांगते, कारण निम्म्या फोनवर तेच विचारलं जातंय. 'युनिसेक्स' या लेबलावर विसंबू नका. खांद्याची शिवण बघा. दोन माणसांच्या अंगात सगळ्यात जास्त फरक पडतो तो तिथे. रॅग्लन बाही असली तर उत्तम. तिची शिवण गळ्यापासून तिरकी काखेत जाते, खांद्याला ठरलेली जागाच नसते. ही बाही ज्या लॉर्ड रॅग्लनच्या नावानं ओळखली जाते, त्याचा उजवा हात १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत गेला होता, आणि त्याच्या सोयीसाठी असा कोट बेतला असं सांगतात. एका अधू खांद्यासाठी केलेली बाही दोन वेगवेगळ्या खांद्यांना चालते, हे मला फार आवडलं.

कमरेची रिब घट्ट नको. कुशीला रिबची उभी पट्टी असेल तर ती बाईच्या कमरेला जागा देते. मनगटाची रिब मात्र चांगली घट्ट हवी, म्हणजे लांब बाही वर सरकवली तरी तिथेच राहते. आतून फ्लीस की लूप? पुण्यात लूपवालं पुरतं. फ्लीसमध्ये घामाघूम व्हायला होतं. सुती असेल तर पहिल्या धुण्यात आटणार हे धरूनच घ्या. (चॅम्पियननं १९३८ साली यावर उपाय शोधला होता. लांबीत आटू नये म्हणून कापडच आडवं फिरवून बेतायचं.) आणि बटणांचा प्रकार नको. पुरुषांची बटणं उजवीकडे, बायकांची डावीकडे, हा फरक का आहे याची दहा कारणं सांगतात आणि त्यातलं एकही धड पटत नाही. डोक्यातून घालायची घ्या, तिला डावं-उजवं नसतं.

पोटावरचा मोठा खिसा मात्र हवाच. बायकांच्या कपड्यांना खिसे देताना शिवणाऱ्यांचा हात इतका आखडतो की असा खिसा मिळाला की मी त्यात किल्ल्या, चष्मा, फोन, पेन सगळं भरते. मग नवरा टेकडीवर जाऊन खिशात हात घालतो तेव्हा त्याला माझी वाण्याची यादी मिळते.

तर शेवटी अशी एक मिळाली. निळी, रॅग्लन बाहीची, तिरुपूरला शिवलेली. आम्हाला दोघांना होते. अगदी झक्क नाही बसत, त्यालाही नाही आणि मलाही नाही. त्याला छातीत किंचित आवळ, मला बाहीत किंचित लांब. तडजोड दोघांनीही थोडी थोडी केली.

त्याच दुकानातून दुसरी एक घेतली, लहान मापाची, मरून. आईची मापं मी दादाकडून फोनवर घेतली होती. वहिनीनं टेप धरला, आई सारखी म्हणत होती, "कशाला उगीच?" बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई आता दादाकडे असते, त्याच घरात. पार्सल पोचलं त्या दिवशी तिचा फोन आला.

"अगं, ही कुणाची पाठवलीस?"

"तुझी."

"मला बरोबर होतेय की!" तिच्या आवाजात जे आश्चर्य होतं ते मला काही इथे लिहिता येत नाही.

गेल्या आठवड्यात दादाशी व्हिडिओ कॉल झाला. रात्रीचे अकरा, मागे बागेतली शेकोटी, आणि दादाच्या अंगावर मरून हुडी! बाह्या मनगटाच्या चांगल्या चार बोटं वर, पोटावर ताणलेली. मी ओरडलेच त्याला.

"अगं, मी कुठे मागितली?" तो म्हणाला. "गारठा वाढलाय म्हणून तिनंच दिली. पण बजावलंय, सकाळी पाचच्या आत परत आणून दे म्हणून. तिची आहे, तिला लागते."